डिझेलच्या टाकीत युरिया (डीईएफ) ओतला गेला, आता पुढे काय?

कृष्णाकाठ (रविवार, रात्री)

नमस्कार मंडळी. जाणकारांचा सल्ला हवा आहे. थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे लगेच "गाडी कुठली, मॉडेल कुठलं" असं सुरू होतं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. बीएस६ (नव्या प्रदूषण निकषांची) डिझेल एसयूव्ही आहे, ऑटोमॅटिक, वॉरंटीत.

माझे धाकटे दीर पुण्याहून मिरजेला येत होते. साताऱ्याच्या पुढे डॅशबोर्डवर डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरतात ते युरियाचं पाणी) संपत आल्याची सूचना आली, म्हणून हायवेवरच्या एका पंपावर थांबले. डिझेल भरलं आणि दहा लिटरचा डीईएफचा कॅन घेतला. भाऊजी पैसे द्यायला आत गेले. बाहेर पंपावरच्या पोराने नरसाळं लावलं ते डिझेलच्याच तोंडात. या गाडीत एकाच झाकणामागे दोन तोंडं आहेत, मोठं डिझेलचं आणि शेजारी निळ्या बुचाचं लहान. निळं बूच जागच्या जागी घट्ट बसलेलं होतं, पण मागे ट्रक हॉर्न मारत होते आणि पोराला घाई होती.

कुणाच्या लक्षात यायच्या आत "साहेब, गाडी बाजूला घ्या" झालं. भाऊजींनी गाडी सुरू केली, हवा भरायच्या मशीनपर्यंत नेली आणि तिथे ती झटके देत बंद पडली. त्यांनी दोन-तीनदा सेल्फ मारून बघितला. मग कॅन आणि निळं बूच बघून सगळा उलगडा झाला.

गाडी आता सर्व्हिस सेंटरला आहे. त्यांचं एस्टिमेट सव्वातीन लाखांच्या वर आहे: टाकी, टाकीतला पंप, हाय प्रेशर पंप, रेल (इंजेक्टरांना दाबाखालचं डिझेल पुरवणारी नळी), चारही इंजेक्टर, सगळे पाइप. पंपाचा मॅनेजर म्हणतो, "आमचा मेकॅनिक टाकी साफ करून देईल, विषय संपला." विमावाले फोनवर म्हणतात, हे बसत नाही.

एवढं सगळं बदलायची खरंच गरज असते का? आणि पैसे कोणाकडून मागायचे?

रंकाळा_जुना

ताई, घाबरू नका. आम्ही मॅटेडोर चालवायचो तेव्हा डिझेलमधी रॉकेल घालून गाड्या पळवल्यात. एकदा पोरानं अर्धी टाकी पेट्रोल घातलं हुतं, वरून डिझेल भरून तशीच घाटातनं उतरवली. टाकी काढा, चार वेळा डिझेलनं खळबळून धुवा, फिल्टर नवा टाका, एअर काढा आणि मारा सेल्फ. हे शोरूमवाले निस्ते पैसे काढत्यात.

भाऊ_कळंबोली

रंकाळा काका, तुमच्या वयाचा मान ठेवून सांगतो, या धाग्यावर हा सल्ला देऊ नका. कोणी वाचून तसंच केलं तर लाखाचे दोन लाख होतील.

ताई, मी ट्रकांच्या ताफ्याची देखभाल बघतो. बीएस६ आल्यापासून, म्हणजे एप्रिल २०२० पासून, हा प्रकार दर मोसमात एक-दोनदा माझ्यासमोर येतोच. कधी टाकी चुकते, कधी बादली. आधी डीईएफ म्हणजे काय ते बघा. ३२.५ टक्के युरिया आणि बाकी खनिजं काढलेलं शुद्ध पाणी. त्यात तेल नावाला नाही. ते सायलेन्सरच्या वाटेवर फवारलं जातं, उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन आणि वाफ करून टाकतो. इंजिनाच्या आत जायचा त्याचा संबंधच नाही.

आता ते डिझेलच्या टाकीत गेल्यावर काय होतं? डिझेलची घनता साधारण ०.८२ ते ०.८४, डीईएफची १.०९. म्हणजे ते सरळ तळाला जाऊन बसतं. आणि टाकीतला पंप इंधन कुठून ओढतो? तळातूनच. त्यामुळे "पन्नास लिटर डिझेलमध्ये थोडंसंच पडलंय" हे समाधान खोटं आहे. किल्ली फिरवल्यावर पहिला घोट त्याचाच जातो.

तुमची गाडी हवेच्या मशीनपर्यंत गेली कारण पाइपात आणि फिल्टरमध्ये आधीचं चांगलं डिझेल शिल्लक होतं. ते संपलं आणि गाडी बंद पडली. त्यानंतर सेल्फ मारला ते नडलं असणार.

तरी एस्टिमेटवर लगेच सही करू नका. त्यांना सांगा, पायरीपायरीने उघडा आणि प्रत्येक पायरीला फोटो द्या. आधी टाकी उतरवा. मग फिल्टर कापा. फिल्टरच्या खाली पाणी साठायची वाटी असते, त्यात किती आलंय बघा. मग फिल्टरच्या पुढचा, हाय प्रेशर पंपाकडे जाणारा पाइप सोडा. तिथे डिझेलच निघालं, पाण्याचा थेंब नाही, तर तुमचं नशीब थोर. पाणी निघालं तर पंप आणि इंजेक्टर काढून बेंचवर तपासायलाच लागतील.

तिरकस

साखर टाकली असती तर परवडलं असतं म्हणायचं. सिनेमात व्हिलन टाकतो ना हिरोच्या टाकीत.

भाऊ_कळंबोली

साखर पेट्रोलमध्ये विरघळत नाही, तिरकसशेठ. तळाला बसते, फार तर फिल्टर तुंबवते. व्हिलनला डीईएफ माहीत नव्हतं हे हिरोचं भाग्य.

रंकाळा_जुना

भाऊ, राग नाही. पण एक सांगा, डिझेलनं धुतल्यावर ते युरियाचं पाणी जाणार न्हाई का? पाणी तर आमच्या टाकीत पण यायचं. ड्रेनचा नट सोडला की खाली पडायचं.

भाऊ_कळंबोली

काका, प्रश्न बरोबर आहे. पाणी जाईल, युरिया जाणार नाही. युरिया डिझेलमध्ये विरघळतच नाही, त्यामुळे चार काय, चाळीस वेळा डिझेलने धुतलं तरी तो चिकटलेलाच राहतो.

विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा. आमच्याकडे नवीन पोरगा कामाला लागला की मी त्याला हे दाखवतो. काचेच्या ग्लासात डिझेल घ्यायचं आणि त्यात चमचाभर डीईएफ सोडायचं. ते गोळा होऊन घरंगळत खाली जातं आणि तळाला स्वच्छ पाण्याचा वेगळा थर दिसतो. चमच्याने ढवळलं तर क्षणभर दुधाळ होतं, मग पुन्हा वेगळं. ही झाली अर्धी गंमत. दुसरा चमचा स्टीलच्या ताटलीत ओतून रात्रभर पंख्याखाली ठेवायचा. सकाळी ताटलीच्या कडेने पांढरे, सुईसारखे लांब खडे उभे राहिलेले असतात. नखाने खरवडले तर कुरकुरतात. ते खडे इंजेक्टरच्या छिद्रात गेले तर काय होईल सांगा. आजच्या कॉमनरेल गाड्यांत दोन हजार बारपर्यंत दाब असतो आणि पंपातल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची. तुमच्या मॅटेडोरच्या पंपाला रॉकेल पचत होतं, याला पाणीही पचत नाही.

म्हणून धुवायचं ते आधी गरम पाण्याने, तेही डीआय वॉटरने (खनिजं काढलेल्या पाण्याने), नळाच्या नाही. मग पूर्ण कोरडं करायचं, आणि शेवटी डिझेल. आणि हे लवकर करायचं. डीईएफ तांबं, ॲल्युमिनियम, साधं लोखंड यांना खातं. गाडी तशीच महिनाभर वादात उभी राहिली तर जे धुऊन वाचलं असतं तेही भंगारात जाईल. पंपाशी भांडण चालू राहू द्या, टाकी मात्र उद्याच रिकामी करून घ्या.

स्टुटगार्टकर

उत्तम माहिती, भाऊ. थोडी भर घालतो. इकडे जर्मनीत डीईएफला सगळे ॲडब्लू म्हणतात, ते नाव इथल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेचा ट्रेडमार्क आहे. इथे पंपावर डीईएफचं वेगळं नोझल असतं, १९ मिलिमीटरचं, डिझेलपेक्षा बारीक. अनेक नोझलांत चुंबकाची योजना असते. डीईएफच्या टाकीच्या तोंडात चुंबकाची कडी असते, ती मिळाली तरच नोझल उघडतं. डिझेलच्या तोंडात घातलं तर थेंब पडत नाही. पण लोक डबा आणून चोचीने ओततात तेव्हा हे सगळं तंत्रज्ञान बाजूला राहतं. भारतात बराच माल कॅन आणि बादलीतून जातो म्हटल्यावर ही चूक होणारच.

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. हीच चूक विमानांच्या बाबतीत झाली आहे. अमेरिकेत मे २०१९ मध्ये फ्लोरिडातल्या पुंता गोर्डा विमानतळावर जेट इंधनात बर्फरोधक द्रव मिसळायचा होता, त्याऐवजी डीईएफ मिसळलं गेलं. दोन्ही द्रव पाण्यासारखे दिसतात. दोन सायटेशन (छोटी जेट) विमानं ते इंधन घेऊन उडाली आणि हवेत इंजिनं बंद पडू लागली. दोन्ही सुखरूप उतरली. फिल्टरमध्ये सापडले तेच भाऊंच्या ताटलीतले पांढरे खडे. त्याआधी ओमाहा आणि मायामीजवळच्या विमानतळांवरही असं घडून गेलं होतं.

सावजी_रस्सा

बापरे! वाचनखूण साठवली.

आमच्याकडे नागपूर बाजूला वेगळीच भानगड. पावसाळ्यात पेट्रोल टाकलं की बाइक दुसऱ्या चौकात बंद. मेकॅनिक म्हणते पाणी हाय टाकीत. पंपवाला म्हणते इथेनॉल हाय, पाणी नाही. खरं कोणाचं मानायचं भाऊ?

भाऊ_कळंबोली

दोघांचंही अर्धं खरं असू शकतं. इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलमध्ये मिसळून जळूनही जातं, कळत नाही. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. म्हणजे पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पावसाचं पाणी झिरपलं असेल तर ई२० मध्ये (वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये) त्याचा गोंधळ जास्त होतो. मूळ दोष मात्र पाणी आत येऊ देणाऱ्याचाच. बाटलीत काढून तासभर ठेवा, दोन थर दिसले की वाद मिटला.

आणि हे सामान्य माणसाच्याच नशिबी येतं असं समजू नका. जून २०२५ मध्ये रतलामला मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातल्या १९ गाड्या डिझेल भरल्यावर एकामागून एक बंद पडल्या होत्या. डिझेलमध्ये पाणी निघालं, पंप सील झाला. तुमची बाइक बंद पडल्यावर पंप सील होत नाही एवढाच फरक.

कायदेपंडित_नाही_पण

कृष्णाकाठ ताई, मी वकिली करतो, पण हा औपचारिक सल्ला समजू नका. कागद बघितल्याशिवाय सल्ला देणारा वकील आणि नाडी न बघता गोळी देणारा डॉक्टर एकाच माळेचे मणी.

तुमचं प्रकरण भेसळीचं नाही, हे आधी स्पष्ट करा. माल चांगला होता, चुकीच्या जागी ओतला गेला. म्हणजे सेवेतील त्रुटी. पंपावरचा कामगार मालकाचं काम करत होता, त्यामुळे जबाबदारी मालकाकडे जाते. पोराच्या पगारातून कापून घेतो वगैरे मॅनेजर सांगू लागला तर त्यात पडू नका, ते त्यांचं अंतर्गत.

सगळ्यात आधी सीसीटीव्ही. आजच लेखी अर्ज द्या की अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवा. मॅनेजरच्या सहीची पोच घ्या, नाही दिली तर ईमेल आणि स्पीड पोस्ट. काही आठवड्यांनी जुन्यावर नवं चित्रण चढतं आणि मग "कॅमेरा बंद होता" हे उत्तर तयार असतं. ज्या तेल कंपनीचा पंप आहे तिच्या विक्री अधिकाऱ्यालाही प्रत पाठवा. पंपमालक तुम्हाला घाबरणार नाही, त्याला घाबरतो.

डिझेलचं आणि डीईएफचं बिल एकाच वेळेचं आहे ना? ते झेरॉक्स करून ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं उडतात. टाकी रिकामी करताना दोन बाटल्यांत नमुना काढून तारीख घालून सील करा आणि त्या वेळी पंपाचा माणूस हजर राहावा असं लेखी बोलावणं पाठवा. आला नाही तर तो त्याचा प्रश्न.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून ठेवा. तिथेच मिटलं तर उत्तम. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आयोगाची मर्यादा तुम्ही मागता त्या भरपाईवर नाही, तुम्ही दिलेल्या मोबदल्यावर ठरते, त्यामुळे जिल्हा आयोगातच काम होईल आणि शुल्कही लागणार नाही. मुदत दोन वर्षं. पण भाऊ म्हणतात तसं, तोवर गाडी तशीच उभी ठेवू नका.

विम्याबद्दल. साध्या पॉलिसीत चुकीचं इंधन हा अपघात धरत नाहीत, बहुतेक ठिकाणी नाकारतात. पण इंजिन प्रोटेक्ट हे जादाचं कव्हर घेतलं असेल तर अटींचा कागद शब्दन् शब्द वाचा, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. आणि फोनवरचा नकार हा नकार नसतो. दावा दाखल करा, लेखी उत्तर मागा.

रंकाळा_जुना

वकीलसाहेब, दंडवत. आमच्या काळी पंपवाल्याच्या कॉलरला धरायचं, एवढंच कलम हुतं.

नीलमोहर

माझा उलटा प्रश्न आहे. डीईएफच्या टाकीत डिझेल गेलं तर? आमच्या शेजाऱ्यांच्या ड्रायव्हरने परवा अगदी थोडं टाकलं आणि लक्षात येताच थांबला. "थोडंसंच आहे, वर तरंगेल" म्हणतोय.

भाऊ_कळंबोली

वर तरंगेल हे बरोबर, आणि तेच वाईट. डीईएफ जसजसं संपेल तसतसं डिझेल खाली येईल आणि एक दिवस पंपात जाईल. त्या यंत्रणेतले रबराचे सील डीईएफसाठी केलेले असतात, तेल लागलं की फुगतात. पुढे फवारणीचा इंजेक्टर आणि कॅटॅलिस्टही (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा भाग) जातो. टाकी पूर्ण रिकामी करून धुवायला सांगा, आणि तोवर गाडी हलवू नका. डीईएफच्या टाकीवर तेलाची बारीक तवंग दिसली तरी तेच करायचं.

आणि हो, ज्यांना स्वस्तात डीईएफ बनवायची हौस आहे त्यांनी शेतातला युरिया पाण्यात कालवून टाकू नये. त्यावर निमाचं आवरण असतं, शिवाय पाणी नळाचं. कॅटॅलिस्ट पांढरा पडून तुंबतो आणि त्याची किंमत ऐकून युरियाची सगळी पोती आठवतात.

कृष्णाकाठ (पुढच्या शुक्रवारी)

मंडळी, उशिरा लिहितेय, धावपळ चालू होती.

भाऊंच्या सल्ल्याप्रमाणे पायरीपायरीने उघडायला सांगितलं. सर्व्हिस ॲडव्हायझरने आधी नाक मुरडलं, मग लेखी मागितल्यावर तयार झाला. टाकी उतरवली तेव्हा भाऊजी आणि मी तिथेच होतो. तळातलं पाणी वेगळं निघालं, अगदी स्वच्छ. फिल्टरची वाटी काठोकाठ भरलेली. फिल्टर कापल्यावर कागदाच्या घड्यांमध्ये पांढरी पूड बसलेली होती, बोटाला लागली. फिल्टरच्या पुढच्या पाइपातही पाणी निघालं, त्यामुळे हाय प्रेशर पंप काढला. तो गेलाय, त्यात वाद नाही. इंजेक्टर बेंचवर लावले, दोन नापास आणि दोन पास. पण कंपनी म्हणते, वॉरंटी चालू ठेवायची असेल तर चारही बदला. रेल आणि पाइप मात्र धुऊन वापरायला ते राजी झाले. टाकी प्लास्टिकची, ती वाचली. एस्टिमेट खाली आलं, तरी चांगला दणका आहे.

पंपमालकाला विक्री अधिकाऱ्याचा फोन गेल्यावर त्याचा सूर बदललाय. सीसीटीव्हीत सगळं स्वच्छ दिसतंय, हे त्यानेच मान्य केलं. अर्धे द्यायला तयार आहे. भाऊजी म्हणतात घ्या आणि मोकळे व्हा. माझं मत पूर्ण मागावेत. विम्याचं लेखी उत्तर अजून नाही.

कायदेपंडित_नाही_पण

अर्धे घेणार असाल तर "संपूर्ण व अंतिम" असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका. "दुरुस्तीपोटी आंशिक रक्कम, उर्वरित हक्क राखून" असं लिहून घ्या. तो तसं लिहून देणार नाही, पण तिथून घासाघीस सुरू होईल आणि पाऊण तरी सुटेल. आणि चारही इंजेक्टर बदलायला लागले याचं कारण सर्व्हिस सेंटरच्या लेटरहेडवर घ्या, नाहीतर पंपवाला म्हणेल दोन तर चांगले होते.

नवखा_पुणेकर (शुक्रवार, सायंकाळी)

धागा वाचत वाचत पंपावर उभा आहे, कारण माझ्या पेट्रोल गाडीत आत्ता डिझेल घातलंय. तीनेक लिटर गेल्यावर ओरडलो. गाडी सुरू केलेली नाही. बटणवाली आहे. उरलेली टाकी पेट्रोलने भरून चालवू का? पंपवाला तेच म्हणतोय.

भाऊ_कळंबोली

नको. पेट्रोल गाडीत डिझेल हे डिझेल गाडीत पेट्रोलपेक्षा पुष्कळ बरं. तिथे पंपाचं वंगण जातं आणि लोखंडाचा भुगा इंजेक्टरपर्यंत पोचतो, तसं इथे होत नाही. पण प्लग काळे होतील, धूर मारेल आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला ताप. सुरू केली नाहीत हे फार चांगलं केलंत. बटण दाबूच नका. बऱ्याच गाड्यांत नुसतं इग्निशन चालू केलं तरी टाकीतला पंप दाब करायला लागतो. न्यूट्रलमध्ये टाकून चौघांनी ढकलून कडेला घ्या. न्यूट्रलसाठी इग्निशन लागत असेल तर तिथेच राहू द्या, पंपवाल्याला ते नोझल बंद ठेवायला सांगा. मेकॅनिक बोलवून टाकी रिकामी करा आणि मगच पेट्रोल. ऑटोमॅटिक असेल तर टोचन करू नका, फ्लॅटबेड मागवा. रोडसाइड असिस्टन्स असेल तर त्यात टाकी रिकामी करून देणं बसतं का विचारा, काहींत बसतं.

नवखा_पुणेकर

मॅन्युअल आहे, ढकलली. मेकॅनिक येतोय. पंपवाला आता गप्प बसलाय आणि चहा पाजतोय.

रंकाळा_जुना

काढलेलं तेल टाकू नका हो, कुणाच्या तरी डिझेल इंजिनाला चालंल. शेतातल्या पंपाला घालायचं.

भाऊ_कळंबोली

काका! त्यात पाऊण पेट्रोल आहे. पत्र्याच्या डब्यात भरून झाकण लावा, वर चिठ्ठी चिकटवा आणि पंपावरच ठेवून घ्यायला सांगा. गटारात नको, स्टोव्हमध्ये नको, शेतातल्या पंपात तर अजिबात नको.

रंकाळा_जुना

बरं बरं. इचारलं आपलं.